लॉन मोव्हरचे इंजिन सुरू होत नसेल तर: पुण्यातील नवशिक्यांसाठी तपासणीचा क्रम

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की पुण्यातील बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या हिरवळी पाहता पाहता हाताबाहेर वाढतात, आणि हिवाळ्यापासून पंपघरात किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात उभे असलेले लॉन मोव्हर नेमके त्याच वेळी बाहेर काढले जाते. ते सुरू होत नाही, म्हणून दोरी ओढून ओढून माळ्याचे खांदे भरून येतात. मग कोणी नवा प्लग (ठिणगी पाडणारा भाग) आणतो, कोणी पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटरच बदलावा असे सुचवतो, आणि दोष मात्र बहुधा टाकीत महिनोन् महिने राहिलेल्या पेट्रोलमध्ये असतो. ज्यांनी पहिल्यांदाच असे यंत्र घेतले आहे, किंवा सोसायटीच्या बागेची जबाबदारी ज्यांच्याकडे नुकतीच आली आहे, त्यांना दोष स्वतः शोधता यावा, यासाठी तपासणीचा क्रम येथे दिला आहे. हे विवेचन हाताने ढकलण्याच्या, दोरी ओढून सुरू होणाऱ्या चार स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे.

सुरुवातीलाच एक नियम पाळावा. चार-पाच वेळा नीट दोरी ओढूनही इंजिनाने दाद दिली नाही, तर दोरी सोडून द्यावी. त्यापुढचा प्रत्येक झटका सिलिंडरमध्ये जास्तीचे पेट्रोल ओढतो, प्लग ओला करतो आणि मूळ दोषावर दुसरा दोष चढवतो. शिवाय दोरी गुंडाळणारी स्प्रिंग तुटण्याची शक्यता वाढते ती वेगळीच. इंजिन सुरू होण्यासाठी योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल आणि हवा, योग्य क्षणी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला पुरेसा दाब एवढेच लागते. यांपैकी काय कमी पडत आहे, हे ठरवल्याशिवाय कोणताही भाग विकत घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हात लावण्यापूर्वी

यंत्र उघड्यावर, सपाट जागी आणावे. तळघरातील पार्किंगमध्ये इंजिन चालवून पाहू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद जागेत तो जीवघेणा ठरतो. पेट्रोलचे काम करताना विडी-सिगारेट, देवापुढची समई, गिझर यांपैकी काहीही जवळपास नसावे. पात्याखाली हात घालण्याआधी प्लगची टोपी ओढून काढावी आणि बाजूला सरकवून ठेवावी. पाते हाताने फिरवले तरी इंजिन एखादा फेरा मारू शकते आणि तेवढ्याने बोटे जाऊ शकतात. टाकीतले पेट्रोल नळीने तोंडाने ओढण्याची सवय अनेकांना असते. ती पूर्णपणे सोडावी, त्यासाठी हातपंप स्वस्तात मिळतो.

यंत्र वाकडे करावे लागले, तर एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू वर राहील असेच करावे आणि त्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करावा. पुण्यातल्या एका पिढीला सकाळी चेतक स्कूटर इंजिनाच्या बाजूला कलती करून मग किक मारण्याची सवय होती आणि त्या स्कूटरला ते चालतही असे. पण लॉन मोव्हरच्या इंजिनाच्या तळाशी तेल साठलेले असते आणि चुकीच्या बाजूला कलवल्यास ते एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरते. असे झालेच असेल, तर प्लग काढून, त्याच्या भोकावर फडके धरून दोरी सावकाश काही वेळा ओढावी, म्हणजे तेल बाहेर पडेल. मग प्लग पुसून बसवावा आणि तेलाने भिजलेला कागदी फिल्टर बदलावा. त्यानंतर इंजिन सुरू झाले की काही मिनिटे निळसर-पांढरा धूर येतो, त्याने घाबरून जाऊ नये.

न उघडता पाहण्याच्या गोष्टी

बहुतेक मोव्हरच्या दांडीला एक आडवी पट्टी किंवा लिव्हर असते, जी दांडीसोबत घट्ट दाबून धरली तरच इंजिनाला ठिणगी मिळते. सोडली की ब्रेक लागतो आणि इंजिन थांबते. नवशिक्या माणूस दोन्ही हातांनी दोरी ओढण्याच्या भरात ही पट्टी सोडून देतो. तिची केबल ढिली झाली असली, तरी पट्टी दाबूनही ब्रेक पुरता सुटत नाही. पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना, हेही पाहावे. थंड इंजिनासाठी चोक (आत जाणारी हवा कमी करणारी झडप) पूर्ण लावावा लागतो आणि इंजिन धरू लागले की तो हळूहळू काढावा लागतो. काम करून गरम झालेले इंजिन पुन्हा सुरू करताना मात्र चोक लावू नये. चोकऐवजी रबरी प्रायमरचा, म्हणजे दाबून पेट्रोल पुढे ढकलण्याचा, फुगा असेल, तर तो पुस्तिकेत सांगितले असेल तितक्याच वेळा, साधारणतः तीन ते पाच वेळा, दाबावा.

तेलाची काडी पुसून, पुन्हा घालून पातळी पाहावी. काही इंजिनांत तेल कमी झाल्यावर ठिणगीच तोडणारा सेन्सर असतो, त्यामुळे अशा यंत्राचा सारा दोष थोड्याशा तेलाने जातो. आपल्या हवामानात पुस्तिकेनुसार एसएई ३० किंवा १० डब्ल्यू ३० तेल चालते. अशा इंजिनात ते जेमतेम अर्धा लिटरच्या आसपास बसते, म्हणून अंदाजाने ओतू नये. पातळी खुणेच्या वर गेलेली असेल आणि काडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल रोखणारी सुई गळून पेट्रोल तेलात उतरले आहे असे समजावे. ते तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

दोरी फार जड लागत असेल, तर पात्याभोवती वाळून घट्ट झालेला गवताचा थर आधी खरवडून काढावा. ओल्या हराळीचा असा थर पाते जखडून ठेवतो. दोरी मध्येच एकदम अडत असेल, तर जोर लावू नये, कारण सिलिंडरमध्ये तेल किंवा पेट्रोल भरल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी प्लग काढूनच दोरी ओढावी.

एअर फिल्टरचे झाकण उघडावे. स्पंजचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, इंजिन तेलाचे काही थेंब लावून पिळून बसवता येतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. हलक्या हाताने आपटून धूळ निघाली नाही, तर तो बदलावा. बाणेर-बालेवाडीकडे, जिथे शेजारी कायम बांधकाम सुरू असते, तेथे पुस्तिकेतील मुदतीच्या कितीतरी आधी फिल्टर भरतो. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या यंत्राच्या सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असू शकते, आणि पंपघरातले उंदीर इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली घरटे करून प्लगची वायर कुरतडतात. टॉर्च लावून पाहिले तर या गोष्टी लगेच दिसतात.

प्लग काढून पाहणे

येथवर काही सापडले नाही, तर प्लग काढावा. माझ्या मते संपूर्ण तपासणीत यापेक्षा महत्त्वाची पायरी नाही, कारण पुढे पेट्रोलच्या दिशेने जायचे की ठिणगीच्या, हे प्लगच सांगतो. इंजिन थंड असताना, भोवतालची माती फुंकून किंवा ब्रशने झाडून, योग्य मापाच्या प्लगपान्याने तो सोडवावा. कित्येक मोव्हरना २१ मिमीचा पाना लागतो.

दोरी ओढल्यानंतर लगेच काढलेला प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. तो पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल येत आहे पण पेटत नाही, किंवा गरजेपेक्षा जास्त येत आहे. कोरडी काळी काजळी दिसली, तर चोक अडकलेला आहे किंवा एअर फिल्टर तुंबलेला आहे. तेलकट काळा थर असेल, तर तेल सिलिंडरमध्ये येत आहे. फिकट तपकिरी रंग दिसला, तर इंजिन गेल्या वेळेपर्यंत नीट जळत होते.

ओला प्लग फडक्याने पुसून, उन्हात वाळवावा. दरम्यान कॉक बंद ठेवून, चोक काढून, प्लगच्या भोकावर फडके धरून दोरी काही वेळा ओढावी, म्हणजे साठलेले पेट्रोल निघून जाते. प्लगच्या टोकांमधील अंतर फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावे. बहुतेक मोव्हर इंजिनांना ०.७ ते ०.८ मिमी अंतर लागते. तरीही आपल्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. चिनी मातीला तडा असेल किंवा टोक झिजून गोल झाले असेल, तर प्लग बदलावा, आणि नवा घेताना जुना सोबत न्यावा. मोटारसायकलचा प्लग आट्यांत बसला म्हणून लावू नये. त्याची लांबी अधिक असेल, तर तो पिस्टनवर आदळू शकतो. प्लग बसवताना आधी हाताने पूर्ण फिरवावा. त्यानंतर नव्या प्लगला पान्याने सुमारे अर्धा फेरा आणि जुन्याला पाव फेऱ्याहून कमी पुरतो. अॅल्युमिनियमच्या डोक्यातील आटे जास्त ताकदीने निघून जातात आणि ती दुरुस्ती महागात पडते.

प्लग कोरडा असेल तर: पेट्रोल

कोरड्या प्लगच्या बाबतीत एक सोपी परीक्षा आहे. प्लगच्या भोकात अर्धा चमचा ताजे पेट्रोल घालावे, बाहेर सांडलेले पुसावे, पेट्रोलचा डबा बंद करून दूर ठेवावा, प्लग बसवावा आणि दोरी ओढावी. इंजिन दोन-तीन सेकंद चालून बंद पडले, तर ठिणगी आणि दाब ठीक आहेत, आणि दोष टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या मार्गात आहे, हे जवळजवळ निश्चित होते.

मग कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा ड्रेनचा स्क्रू ढिला करून, पारदर्शक काचेच्या बरणीत थोडे पेट्रोल घ्यावे. धार अखंड असावी. सुरुवातीला धार येऊन नंतर थांबत असेल, तर टाकीचे झाकण ढिले करून पाहावे. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. सुरू होऊन काही मिनिटांनी बंद पडणाऱ्या आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा चालणाऱ्या यंत्रात पुष्कळदा हेच कारण निघते. बरणी थोडा वेळ स्थिर ठेवून तळाशी पाण्याचे थेंब किंवा वेगळा थर दिसतो का, हेही पाहावे.

हा थर कुठून येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. आज आपल्या पंपांवर मिळणाऱ्या सर्वसाधारण पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि पुण्याच्या पावसाळी हवेत अर्धवट भरलेल्या टाकीला तो भरपूर मिळतो. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून अलग होतात आणि तळाशी बसतात. कार्ब्युरेटरला जाणारी नळी तर टाकीच्या तळातूनच निघते. दुसरीकडे, पेट्रोलमधले सहज पेटणारे हलके घटक आधी उडून जातात आणि उरलेल्या द्रवाचा चिकट थर जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जमतो. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिका आजही १० टक्क्यांपर्यंतच्याच इथेनॉलला मान्यता देतात, त्यामुळे जुन्या यंत्राच्या रबरी नळ्या आणि वायसर फुगले आहेत का, हे दर मोसमात पाहिलेच पाहिजे. पेट्रोल महिन्याभरात संपेल इतकेच आणावे, ते धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि नवरात्रानंतर गवत मंदावले की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच यंत्र ठेवून द्यावे. एवढे केले तर जून महिन्यातली बहुतांश दुखणी उद्भवतच नाहीत.

जुने पेट्रोल गटारात किंवा कुंडीत ओतू नये. नव्यात मिसळून यंत्र चालवण्याचा मोहही टाळावा. गॅरेजवाल्याकडे ते द्यावे. भाग धुण्यासाठी त्याला ते उपयोगी पडते.

कार्ब्युरेटर साफ करणे

ताजे पेट्रोल घालूनही प्लग कोरडाच राहत असेल, तर कार्ब्युरेटर उघडावा लागेल. काम अवघड नाही, पण घाईचे नाही. स्प्रिंग आणि गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग राखणाऱ्या यंत्रणेच्या) तारा कोणत्या छिद्रात अडकवल्या आहेत, याचे मोबाइलवर जवळून चार-पाच फोटो काढावेत, कारण त्या छिद्रांमध्ये चूक झाली की इंजिनाचा वेग बिघडतो. पुष्कळदा संपूर्ण कार्ब्युरेटर न काढता फक्त खालची वाटी सोडवली तरी भागते. वाटीत हिरवट किंवा तपकिरी गाळ दिसेल. फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) पिन हळूच सरकवून फ्लोट आणि सुई काढावी, मधला मुख्य जेट बरोबर बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरनेच फिरवावा, आणि जेट प्रकाशाकडे धरून पाहावा. छिद्र पूर्ण गोल दिसले पाहिजे. अर्धवट बुजलेल्या जेटमुळेच इंजिन चोक लावल्यावर चालते आणि चोक काढताच बंद पडते.

साफसफाईसाठी कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा वापरावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा, कारण फवारा दुसऱ्या छिद्रातून थेट चेहऱ्यावर येतो. जेटमध्ये सुई, पिन किंवा ड्रिल घालू नये; पितळ मऊ असते आणि छिद्र जरासे मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. अगदीच अडले, तर विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालते. रबरी रिंगा क्लीनरमध्ये बुडवू नयेत. उंचीमुळे जेट बदलावा लागेल का, अशी शंका काही जण विचारतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि वेगळ्या जेटचा विचार साधारणपणे १५०० मीटरच्या पुढे करावा लागतो, त्यामुळे आपल्याकडे त्याची गरज नाही.

प्लग ओला असेल तर: ठिणगी

प्लग ओला आहे, पेट्रोल ताजे आहे आणि चोकही अडकलेला नाही, असे असेल तर ठिणगी तपासावी. यासाठी प्लगची टोपी आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा ठिणगी परीक्षक मिळतो आणि तोच वापरावा असा माझा सल्ला आहे. प्लग उघडा धरून पाहण्याची जुनी रीत वापरायचीच असेल, तर सांडलेले पेट्रोल आधी पूर्ण पुसावे, प्लगचे भोक फडक्याने बंद करावे, प्लगचे आटे भोकापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावेत आणि प्लग रबरी मुठीच्या पकडीनेच धरावा. दांडीची पट्टी दुसऱ्या माणसाने दाबून धरावी, नाहीतर ठिणगी पडणारच नाही आणि ठिणगीसाठी वीज पुरवणारी चांगली कॉइल निकामी ठरवली जाईल.

ठिणगी निळसर आणि ठसठशीत असावी. ती नसेल, तर कॉइलला जोडलेली इंजिन बंद करणारी पातळ वायर काढून पुन्हा पाहावे. आता ठिणगी आली, तर कॉइल चांगली असून दोष त्या वायरमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. ही वायर काढलेली असताना इंजिन सुरू करू नये, कारण पट्टी सोडूनही ते थांबेल याची खात्री राहत नाही. वायर काढूनही ठिणगी नसेल, तर फ्लायव्हीलच्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाच्या) चुंबकांवर पावसाळ्यात चढलेला गंज पॉलिश पेपरने काढावा आणि कॉइल व चुंबक यांतील अंतर तपासावे. ते साधारण ०.२५ ते ०.३५ मिमी असते. त्या जाडीचे कार्ड मध्ये घालून, कॉइल चुंबकाला चिकटू देऊन स्क्रू आवळले की अंतर आपोआप बसते. थंडपणी चालणारे आणि गरम झाल्यावर अर्धा तास दाद न देणारे इंजिन असेल, तर ठिणगी त्या गरम अवस्थेतच तपासावी. कॉइलमधला तडा थंड असताना दिसून येत नाही.

पाते दगडावर आदळले असेल तर

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरीही इंजिन फटफट करते किंवा दोरी हातातून उलट हिसकते, तेव्हा मागच्या कापणीत पाते कशावर आदळले होते का, हे माळ्याला विचारावे. गवतात लपलेला दगड, झाडाचे मूळ किंवा तुषार सिंचनाचा नळ लागला की फ्लायव्हील आणि शाफ्ट यांमधली छोटी मऊ धातूची चावी कापली जाते. फ्लायव्हील एक-दोन अंश सरकले, तरी ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. चावी बदलणे स्वस्त आहे, परंतु फ्लायव्हील काढण्यासाठी पुलर, म्हणजे ते ओढून काढणारे हत्यार, लागतो; हातोडीने ठोकून काढण्याच्या प्रयत्नात चुंबक फुटतात. हे काम मेकॅनिककडे द्यावे. पाते वाकले असल्यास तेही त्याच वेळी बदलून घ्यावे, कारण ते थरथरत राहिले तर शाफ्टचे बेअरिंग जाते.

दाब

प्लग बसवलेला असताना दोरी ओढल्यावर काहीच अडथळा जाणवत नसेल, तर दाब नाही. व्हॉल्व्हचे (सिलिंडरच्या झडपांचे) अंतर बिघडणे, व्हॉल्व्हखाली कार्बन अडकणे, हेड गॅस्केट (सिलिंडरच्या डोक्याखालची पट्टी) फाटणे किंवा पिस्टनच्या रिंगा झिजणे ही त्याची कारणे असतात. व्हॉल्व्हचे अंतर थंड इंजिनावर मोजतात आणि ते पुष्कळ इंजिनांत ०.१० ते ०.२० मिमीच्या दरम्यान असते. प्रेशर गेजच्या आकड्यावर येथे एकट्याने निष्कर्ष काढू नये, कारण दोरी हलकी जावी म्हणून अनेक इंजिनांत दाब सोडणारी रचना असते आणि चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दिसतो.

खांद्यावरच्या ब्रश कटरबद्दल एवढेच, की त्यातील अनेकांचे इंजिन दोन स्ट्रोकचे असते आणि त्याला पेट्रोलमध्ये टू-टी तेल पुस्तिकेतील प्रमाणानेच मिसळावे लागते. प्लगची परीक्षा त्यालाही लागू पडते, पण त्याचा कार्ब्युरेटर वाटीचा नसून पडद्याचा असतो. तो पडदा कडक झाला की बदलावाच लागतो.

भाग आणणे आणि मेकॅनिककडे देणे

इंधनाची नळी, क्लिपा, क्लीनर, फिलर गेज या वस्तू नाना पेठेतील वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात, मात्र कार्ब्युरेटर किट, चावी आणि कॉइल यंत्राच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच, इंजिनावर कोरलेला मॉडेल क्रमांक दाखवून घ्यावी. यंत्र मेकॅनिककडे पाठवताना सोबत एक कागद द्यावा: प्लग कोरडा होता की ओला, परीक्षकात ठिणगी दिसली की नाही, अर्धा चमचा पेट्रोल घातल्यावर इंजिन क्षणभर चालले का, पाते कशावर आदळले होते का, आणि टाकीतले पेट्रोल किती जुने होते. बदललेले भाग परत मागावेत, त्यामुळे खरोखर काय बदलले ते समोर दिसते, आणि यंत्र परत आल्यावर त्याच्यासमोरच थंड इंजिन सुरू करून, दहा मिनिटे चालवून, बंद करून पुन्हा गरम अवस्थेत सुरू होते का, हे पाहूनच पैसे द्यावेत.